माऊसची शिफ्ट

रफिकशेठच्या मॉडेमचं तुम्हाला कधी सांगितलं नाही ना? निजामपुऱ्यात त्यांचा लूमचा कारखाना होता आणि ऑफिसात नवाकोरा कॉम्प्युटर, आमच्याच दुकानातून घेतलेला. पण फॅक्स पाठवायला आतला मॉडेम फोन लावायला लागला की माऊस जागच्या जागी गोठायचा. दुकानाच्या मालकांनी मला पहिल्यांदाच एकट्याला पाठवलं आणि बजावलं, "मशीन परत आलं तर यापुढे तू दुकानातच बसायचं."

उघडून बघतो तर माऊस आणि मॉडेम, दोघांचाही नंबर चार. दुसरा द्यावा तर एकही नंबर रिकामा नव्हता. मी तेच ते परत परत तपासत बसलो.

"क्या हुआ? बोल ना," शेठ म्हणाले.

मी चाचरत सांगितलं, "शेठ, काम निघालं की प्रत्येक पार्ट आपल्या नंबरावरून कॉम्प्युटरला हाक मारतो. या दोघांचा नंबर एकच आहे. दोघं एकदम ओरडले की कोणाचं ऐकायचं ते त्याला कळत नाही."

"म्हणजे आमच्या कारीगरांसारखं झालं. एक खाट, झोपणारे दोन."

"मग ते भांडत नाहीत?"

"कशाला भांडतील? एक झोपतो तेव्हा दुसरा लूमवर असतो, पागल!"

मी लगेच शेठना मॉडेम नुसत्या कीबोर्डवर चालवायला शिकवलं. तो चालू असेपर्यंत माऊसला हातच लावायचा नाही. फॅक्स झटक्यात गेला.

दोघांचा नंबर एकच निघाला, एवढंच माझ्याकडून ऐकून दुसऱ्या दिवशी मालक धास्तावून स्वतः आले. "शेठ, पोराने नंबर बदलला ना?"

"नंबर कायको बदलायचा? माऊसला नाईट लावली."