वाकलेली फळी आणि तात्यांचे पाय

हसू नका, पण ज्या सोलापुरात नळाला चार दिवसांआड पाणी येतं, तिथं मी होडी बांधायला घेतली होती. छोटीशीच, उजनी धरणात मासे धरायला.

त्या दिवशी एक फळी वाकवून सांगाड्याला इपॉक्सीनं चिकटवायची होती. एक टोक स्क्रूनं पक्कं केलं. दुसरं टोक दाबून धरायला क्लॅम्प लागतात म्हणे. मी म्हटलं, आपले हात काय मेलेत? फळी वाकवली आणि तिला मिठी मारून उभा राहिलो.

तेवढ्यात फाटकातून माझे थोरले चुलते आत आले, नातेपुत्याचे तात्या. आमच्यात त्यांच्या पाया पडल्याशिवाय कुणी तोंडसुद्धा उघडत नाही.

"काय रं, पाया पडायची रीत न्हाय व्हय हितं?"

"तात्या, हात सोडला की फळी सुटंल. तासभर दम धरा की."

"तासभर? लई मोठा झालास की! ऱ्हाऊ दे, जातो मी माघारी."

आणि तात्या खरंच वळले!

मग काय, फळी सोडली, ओल्या इपॉक्सीला ती क्षणभर चिकटून राहिली, तेवढ्यात दोन पावलं धावलो आणि त्यांच्यापुढं वाकलो. म्हणजे वाकायला लागलो. इकडं मी वाकतोय, तिकडं फळी ताडकन सरळ झाली आणि मागून मला असा रट्टा बसला की माझ्याकडून तात्यांना थेट साष्टांग नमस्कारच घडला.

तात्यांनी आशीर्वाद दिला नाही. अजून थरथरणाऱ्या फळीकडं ते कौतुकानं बघत राहिले.

"मोडंन पण वाकणार न्हाय! आपल्या घराण्याचं रक्त हिच्यात दिसतंय रं. तुझ्यात न्हाय."