माह्यंच घर म्या दाखवलं

माहं नाव सुनंदा. माहेर अकोल्याकडचं, मूर्तिजापूरच्या अंगाचं एक खेडं. बाप शाळेत शिपाई होता म्हणून आमी तिघी बहिणी शिकलो, मी बारावी अन् टायपिंग. लग्न झालं तवा माहे मिस्टर इथं बहरीनलेच होते, एसीचे टेक्निशियन, पुढं सुपरवायझर झाले, मंग त्यायनं मले आणलं. विमानतळाबाहेर पाय ठेवला तर गरम हवेचा असा झोत आला का मी मागंच सरली, हे म्हणे, चाल, घरी एसी हाये. घर जुफेर नावाच्या भागात, दोन बेडरूम, हॉल, अन् किचनच्या खिडकीतून दोन बिल्डिंगच्या मधात समुद्राची एक निळी पट्टी. आमची मयुरी तिथंच वाढली. भाड्याचंच होतं, पन काय सांगू तुमाले, भाड्याचं हाये हे मी विसरूनच गेलती.

मयुरी शाळेत जायले लागली तवा मी एका प्रॉपर्टीच्या ऑफिसात लागली, आधी फोन उचलायची, मंग घरं दाखवायले जायले लागली. लोकायले वाटते यात काय हाये, दार उघडून द्याचं. पन बंद घर कोंदट राहते, आपल्याले आधी जाऊन एसी लावा लागते, पडदे सारा लागते, नळ थोडा वेळ सोडून द्या लागते म्हंजे तांबूस पाणी निघून जाते. घेणारे आले का आपण मधात उभं राह्यचं नाई, भिंतीजवळ राह्यचं. बाई किचनमंदी ओट्यावर हात ठेवून उभी राह्यली का एक शब्द बोलू नये, तिच्या डोक्यात तिचे डबे लागत असतेत. अन् आधी जे राहत असतेत त्यायले सांगा लागते का भिंतीवरचे घरच्यायचे फोटो काढून ठेवा, घेणाऱ्याले त्याचा संसार दिसला पाह्यजे. बुदैयाच्या व्हिलामंदी, झल्लाककडं, कुठं कुठं सांगितलं असंन म्या हे. सहज सांगायची.

मिस्टर गेले ते शुक्रवारी. सुट्टी होती, जेवले, मेथीची भाजी होती, म्हणे चांगली झाली, अन् मागच्या खोलीत जाऊन आडवे झाले. चहा झाला म्हणून म्या हाक मारली, मंग अजून एक मारली, मंग मयुरीले म्हटलं, जा वं, बाबाले उठव. पोरगी गेली अन् तिथंच उभी राह्यली. म्या मागं जाऊन पाह्यलं अन् फोन लावला. ॲम्ब्युलन्स आली, सलमानियाच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, डॉक्टर म्हणे इथं आणायच्या आधीच खलास झालं होतं. मंग गावी नेलं, बुद्धवंदना झाली, सारं झालं, अन् आमी दोघी वापस आलो, कारण पोरीची शाळा इथं. माहा व्हिसा मिस्टरच्या नावावर होता. आमच्या ऑफिसचा साहेब इथलाच, बहरीनी, तो म्हणे, सिस्टर, व्हिसा मी करतो, तू ये. तो उपकार मी विसरत नाई.

पुढं काही महिन्यायनं घरमालकाचा फोन आला. केरळचा, सज्जन माणूस, पोराकडं कॅनडाले चालला होता. म्हणे फ्लॅट विकतो, तुमी घेता का. मी कुठून घेते बाप्पा. मंग म्हणे विकायले तुमच्याच ऑफिसले देतो. साहेब म्हणे, मी दुसऱ्याले पाठवतो, तू तवा बाहेर राहा. म्या म्हटलं नाई. परका माणूस माह्या घराचं दार उघडीन अन् मी खाली गाडीत बसू का? मीच दाखवते.

अन् मंग भिंतीवरचा मिस्टरचा फोटो काढायची पाळी आली. हार काढला, फोटो ओढणीत गुंडाळला, कपाटात ठेवत होती तर मयुरी मागं उभी. तिले मराठी समजते, पन बोलते इंग्लिश. म्हणे, ममा, व्हाय आर यू हायडिंग बाबा? म्हटलं, दोन दिवसासाठी हाये बेटा. ती तिच्या खोलीत गेली, दार लावून घेतलं.

एक जोडपं आलं, राजस्थानकडचं, पन्नाशीच्या पुढचं. मी भिंतीजवळ उभी. बाई किचनमंदी गेली, खिडकीतून समुद्राची ती पट्टी पाह्यली, नवऱ्याले हाक मारली. मागच्या खोलीत आली, पलंगाकडं पाह्यलं, अन् मले हिंदीत विचारलं, बहनजी, या घरात कोणी गेलं तर नाई ना? हे लोकं विचारतेत, त्यायचंबी चुकत नाई.

म्या म्हटलं, "माहे मिस्टर. इथंच, या पलंगावर."

तिचा नवरा मान खाली घालून हॉलमंदी निघून गेला. खरं सांगू, मले वाटलं आता हे चालले, अजून थोडे दिवस घर माह्यं. पन ती बाई काही हलली नाई. म्हणे, तरास झाला का त्यायले? म्हटलं, नाई, झोपेतच. ती पलंगाच्या काठावर बसली, म्हणे, माही आई लय हाल होऊन गेली, हे तर भाग्याचं मरण. मंग उठली, माह्या खांद्यावर हात ठेवला, अन् बाहेर जाऊन नवऱ्याले म्हणे, हेच घर घेऊ.

तिनं मले तवा चांगलंच वागवलं, अन् मले तिचाच राग आला. रागबी कोणावर काढाचा.

आता सलमानियाकडं एका खोलीत राहतो आमी. मयुरी कॉलेजले पुण्याले जाईन, मंग मी एकटी. बहिणी म्हणतेत, ताई, आता तू काहून तिथं राहतं, वापस ये. गावी घर दिराचं, माहेरी आता कोणी नाई. इथं काम हाये, व्हिसा हाये तोवर हाये.

परवा एका नव्या जोडप्याले बुदैयाचं घर दाखवलं. पोरीले दिवस गेलेले, जिना हळूहळू चढत होती. वरच्या खोलीत ऊन पसरलं होतं, ती म्हणे पाळणा इथं लावीन. मंग मले म्हणे, आंटी, तुमचं घर कसं हाये? म्या म्हटलं, लहान हाये बेटा, पन सकाळचं ऊन येते. खरं म्हंजे तिथं ऊन येतच नाई. पन तिच्या आनंदाच्या दिवशी आपलं रडगाणं कशाले. नांदू दे बिचारी, तिचं भलं होवो.