इस्त्री केलेल्या नोटा

कॅशियर : मोजून घ्या, काका. नॉमिनी म्हणून तुमची सही झाली, मावशींचं खातं बंद झालं. व्याजासकट सगळी शिल्लक ही.

इस्त्रीवाले : रक्कम बरोबरच असेल, ताई. पण या नोटा आमच्या नाहीत.

कॅशियर : म्हणजे?

इस्त्रीवाले : गिऱ्हाइकांचे कपडे झाले की आमची ही नोटांवरून कोमट इस्त्री फिरवायची, मगच बँकेत भरायची. या चुरगळलेल्या दुसऱ्या कुणाच्या तरी आहेत. आत बघा ना, तिच्या नावाचा कप्पा असेल.

कॅशियर : कप्पा नसतो हो.

इस्त्रीवाले : मग खातं म्हणजे काय?

कॅशियर : नुसता हिशेब. भरलं ते जमा, काढलं ते नावे, उरली ती शिल्लक. नोटा सगळ्यांच्या एकत्रच. तुम्ही सकाळी भरलेली नोट दुपारी दुसऱ्याच्या खिशात.

रांगेतला माणूस : आटपा, आजोबा. दुकान उघडं टाकून आलोय.

इस्त्रीवाले : राहू द्या उघडं, हवा खेळेल. ताई, तिच्या हातची नोट टेबलावर उभी केली तर उभीच राहायची. तिने इस्त्री केलेल्या सदऱ्यावर एकदा माशी बसली, ती घसरून पडली. या डोळ्यांनी पाहिलंय.

रांगेतला माणूस : लागलं का माशीला?

इस्त्रीवाले : लंगडत गेली.

कॅशियर : मावशींच्या नोटा मशीनमध्ये कधी अडकल्या नाहीत. लक्षात आहे माझ्या.

इस्त्रीवाले : मग एखादी बाजूला ठेवली असेल तुम्ही?

कॅशियर : तसं ठेवता येत नाही, काका.

इस्त्रीवाले : हं. साड्या लेकीने नेल्या. तिच्या हातचे कपडे गिऱ्हाइकांनी नेले, घालून चुरगळलेसुद्धा. म्हटलं, इथे तरी काहीतरी तसंच असेल. एक नोट मिळाली असती तरी पुरे होतं. खर्चणार नव्हतो.

(रांगेतला माणूस पाकीट उघडून नोटा चाळतो.)

रांगेतला माणूस : आजोबा, ही बघा. बरीच सरळ आहे.

इस्त्रीवाले : कोपरा दुमडलाय. तिने नसता ठेवला. असू दे, तुम्ही शोधलीत.

रांगेतला माणूस : सावकाश होऊ द्या तुमचं.

इस्त्रीवाले : ताई, मग तिच्या नोटा आता कुठे असतील?

कॅशियर : काय सांगू? बाजारात, दवाखान्यात, कुठल्या तरी परगावी. फिरत असतील.

इस्त्रीवाले : परगावी.

कॅशियर : हो.

इस्त्रीवाले : बरं झालं. इस्त्रीचं टेबल सोडून कुठे गेली नव्हती बिचारी.