सलूनमधून जाणारा रस्ता

सलून पाडून तिथून रस्ता काढायचं नगर नियोजन मंडळानं ठरवलं. पण ते आपल्या कानावर आलेलंच नाही असं धरून चालू, कारण बैठक अजून सुरू व्हायची आहे. मंडळाच्या दाराबाहेर बाकावर सलूनवाले सासरे आणि त्यांचा जावई बसले होते. शेजारी अर्ज लिहून देणारी बाई बसली होती आणि तिचे कान पूर्ण मोकळे होते.

“जावईबापू, महापौरांची दाढी मी किती वर्षं फुकट केली, तेव्हा कुठं त्यांनी मंडळावर तुमचं नाव सुचवलं.”

“आणि सभागृहानं मंजूर केलं, मामा. उपकार आहेत.”

“मग आत जा आणि हात वर करा. बाकीचे सभासद चारास चार वाटले गेलेत, घोडं तिथंच अडणार आहे.”

“नियम आहे. नातेवाइकाचा विषय निघाला की सभासदानं बाहेर बसायचं.”

“म्हणजे तुम्हाला आत घातलं ते बाहेर बसवायला?”

“आजच्यापुरतं.”

“आणि बरोबरी झाली की?”

“अध्यक्षांचं जादा मत. ते रस्त्याच्या बाजूचे आहेत.”

“वा. तुम्ही माझे कोणी नसता, तर सलून वाचलं असतं.”

“तसंही नाही, मामा.”

“मग कसं?”

“मागच्या वस्तीत अँब्युलन्स शिरत नाही. मी रस्त्यालाच मत दिलं असतं.”

“माझ्या लेकीला ठाऊक आहे हे?”

“तिनंच पटवलं मला.”

सासऱ्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि ते बाईकडे वळले.

“बाई, लिहा. माननीय अध्यक्ष यांस. विनंती अर्ज करतो की, सदर जावई लग्नाच्या तारखेपासून बदलून मिळावा. कन्या आहे तीच ठेवावी.”