डबीतली काकडी

कीरा : बाई, अहो, एक मिनिट सोडा मला! धावत स्टेजवर जाऊन येते.

झिनाइदा : हललीस तर सुई पाठीत घुसेल. नोन्नाचा झगा आहे हा, तुझ्या अंगावर पोत्यासारखा लोंबतोय. अंगावरच शिवल्याशिवाय सोडत नाही.

कीरा : पण तिचा पाय खरंच मुरगळलाय ना? सोंग नाही ना?

झिनाइदा : भोपळ्याएवढा सुजलाय. बर्फात पाय घालून बसलीये आणि येईल त्याला शिव्या घालतेय. दोन अंक ती नाचली, तिसरा तू. नऊ वर्षं ह्या बॅलेत नवरीची मैत्रीण म्हणून मागे टोपली धरून उभी राहिलीस, आज नवरी हो. ग्लेब रोदियोनोविच पीटर्सबर्गहून आलेले संचालक, पण स्वतः म्हणाले, "पोरीला बघू तरी." आणि तू रडतेस काय? काजळ ओघळेल.

कीरा : आनंदानं रडतेय हो.

झिनाइदा : आनंदानं रडणाऱ्या पुष्कळ पाहिल्यात मी. त्या अशा दाराकडे बघत नाहीत.

तीखन : येऊ का आत? नवरदेव दारात उभा आहे, कुणी ओवाळत पण नाही.

कीरा : तीखन, माझ्या सोन्या, ये! जरा कान इकडे कर.

झिनाइदा : कानात काय? मी इथेच आहे. मोठ्यानं बोल.

तीखन : बाई, आज हंगामाचा शेवटचा खेळ. कानात बोलायचाच दिवस आहे.

झिनाइदा : तुम्हाला नाच शिकवणाऱ्या मलाच शिकवतोस? शेवटच्या खेळाला एकमेकांच्या खोड्या काढायची रीत आहे. प्रेक्षकाला पत्ता लागू द्यायचा नाही आणि समोरच्याला हसवून पाडायचं. गेल्या वर्षी राणीच्या पंख्यावर आतून माझा फोटो चिकटवलात, वर मिशा काढल्यात! म्हणून यंदा आधीच बजावलंय. जो खोडी काढेल तो नवीन वर्षाच्या मुलांच्या खेळात झाड होईल. देवदाराचं. रोज दोन खेळ, आणि हलायचं नाही.

तीखन : मी यंदा साधू झालोय. दुसऱ्याच्या खोडीवर हसायचं, तेवढंच पाप उरलंय.

कीरा : तीखन, स्टेजवर टेबलावर ती डबी आहे ना...

तीखन : आहे की. मी उघडतो, अंगठी काढतो, तुझ्या बोटात घालतो, मग तुला डोक्यावर उचलतो. पाठ आहे मला.

कीरा : ती घेऊन ये जा. पळ!

तीखन : वेडी का तू? ग्लेब रोदियोनोविच त्याच टेबलाला टेकून प्रॉपर्टीवाल्याला झापतायत. तुला डबी कशाला हवी पण? अगं... अगं अगं! तू? तू काही घातलंयस त्यात?

झिनाइदा : कीरा. सुई अजून माझ्या हातात आहे. सांग.

कीरा : नोन्नासाठी होतं हो ते! सगळ्यांसमोर मला "ए टोपले" म्हणते. वाटलं, डबी उघडली की एकदा तरी तिचं ते नाक खाली येईल. तिचा पाय मुरगळेल आणि मीच तिथे उभी राहीन, हे मला काय ठाऊक!

झिनाइदा : डबीत काय आहे?

कीरा : काकडी. बोटाएवढी, खारवलेली.

तीखन : मेलो! संपलो मी!

झिनाइदा : कुणाची काकडी?

कीरा : तुमच्या बरणीतली.

झिनाइदा : माझ्या हातची? शेपू घातलेली?

कीरा : हो. आणि अंगठी... ती बरणीत टाकली.

झिनाइदा : आणि बरणी वर तालमीच्या खोलीत, कुलपात. ऐक, तिसरी घंटा झाली.

कीरा : बाई, मला नका पाठवू. नऊ वर्षं ह्या एका अंकाची वाट बघितली आणि मीच माझ्या हातानं त्यात काकडी घातली. मला झाडच करा.

झिनाइदा : झाड तर तू होणारच आहेस. आधी नवरी हो. तीखन, तू हसलास तर गाठ माझ्याशी आहे.

तीखन : बाई, मी फुटणार. माझं मला माहीत आहे.

झिनाइदा : कीरा, इकडे बघ. डबीतून जे निघेल, ते तेच निघायला हवं होतं असं तोंड कर. वळ आता, गुडघा मारते.

कीरा : आई गं! केवढ्यानं मारलात!

झिनाइदा : ढुंगणावर गुडघा बसल्याशिवाय कुणी स्टेजवर गेलंय का ह्या थिएटरात? आता रीतीप्रमाणे उलट शिवी दे. देवाचं नाव घेऊ नकोस, अपशकुन होईल.

कीरा : मसणात जा, बाई!

झिनाइदा : शाब्बास. पळ.

(तिसरा अंक संपला आहे. पडद्यापलीकडे टाळ्या अजून चालूच आहेत.)

तीखन : बाई, मी हसलो नाही! डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, पण ते प्रेमाचं म्हणून खपलं.

झिनाइदा : खांदे गदागदा हलत होते तुझे. पहिल्या रांगेतल्या एका आजीबाईंनी तर रुमाल काढला. ही कुठे गेली?

कीरा : इथे आहे. पडद्यामागे. झाडाचा पोशाख कुठून घ्यायचा, तेवढं सांगा.

झिनाइदा : आधी बाहेर ये. काय केलंस तू तिथे?

कीरा : ह्यानं डबी उघडली आणि डोळे मिटले. काकडी हातात, गाल फुगलेले. म्हटलं, आता हा फुटणार आणि माझं सगळं पाण्यात. मग घेतली त्याच्या हातातून आणि खाल्ली. सकाळपासून पोटात काही नव्हतं हो.

तीखन : खाल्ली कसली, कडाडून मोडली! बासरीवाला वाजवायचा थांबला. उरलेली अर्धी माझ्या तोंडात कोंबली. हिला डोक्यावर उचलून मी खाली चावत होतो!

झिनाइदा : आवाज वरच्या गॅलरीपर्यंत गेला. माझी काकडी कुरकुरीतच असते.

कीरा : लोक हसले, बाई. प्रेक्षकांना कळलं.

झिनाइदा : हसले आणि मग उभे राहिले. ग्लेब रोदियोनोविच मला विचारतात, ही इकडची जुनी चाल का? मी म्हटलं, हो तर. नवरी अर्धी काकडी नवऱ्याला देते. संसारातलं आंबट-खारट निम्मं-निम्मं.

तीखन : असं असतं?

झिनाइदा : आजपासून असतं. म्हणाले, ठेवा. सप्टेंबरपासून दर खेळाला काकडी.

कीरा : मग नोन्नाला शिकवायला हवं. कुठे चावायचं ते.

झिनाइदा : विचारून आले तिला. ती म्हणते, लोकांसमोर काकड्या चघळायला मी काय बकरी आहे?

तीखन : मग?

कीरा : बाई... मग?

झिनाइदा : मग काय! शब्द म्हणजे शब्द. नवीन वर्षाला तू झाड, आणि हलायचं नाही.

कीरा : हो. आणि सप्टेंबरमध्ये?

झिनाइदा : डोळे पूस आधी. उन्हाळ्यात बागेतल्या काकड्या उतरल्या, की तुझी बरणी वेगळी घालते.