बोटीवरची जेवणाची वेळ

सोलापुरातल्या सहल कंपनीच्या कचेरीत वैजयंताताई आपली पाळी येण्याची वाट बघत होत्या. हातात काश्मीरचं माहितीपत्रक होतं, कान शेजारच्या टेबलापाशी बसलेल्या नागप्पा-गौराबाई या नवरा-बायकोकडे.

"काका, काश्मीरच्या हाउसबोटीवर रात्रीचं जेवण ठरलेल्या वेळी हवं, की भूक लागेल तेव्हा?" टेबलापलीकडच्या मुलीनं फॉर्म भरत विचारलं.

"भूक लागंल तवा," नागप्पा म्हणाले.

"ठरल्या येळंला," गौराबाई म्हणाल्या. "सगळी एकदमच बसत्यात न्हवं, पोरी?"

"हो काकू. आठ वाजता."

"अगं, मला घड्याळ बघून जेवायची सवय न्हाय."

"ते मला ठावं हाय की. तुमी दुकानातनं कवा बी येणार, तुमचं झाल्यावर मी गार भाकरी खाणार."

"बोटीवर तुला कोन थांबवंल?"

"कुनी न्हाय. मीच थांबंन. येडीच हाय मी, कुनी न सांगता उपाशी बसते."

नागप्पा टेबलापलीकडच्या मुलीकडे वळले.

"पोरी, उशीर झाला तर आत घेतात का?"

"नाही काका, जेवणाच्या खोलीचं दार बंद होतं."

"मग आठचंच लिव. मी आदीच जाऊन बसतो."

वैजयंताताईंचं नाव पुकारलं, तरी त्या उठल्या नाहीत.

"बसा की," गौराबाई नवऱ्याला म्हणाल्या. "पर मी आल्याबिगर सुरू करू नका."