कावळा नाक्यावरचा फेटेवाला

न्हाई, मला सांगा, दहा सेकंद म्हणजे नक्की किती वेळ असतोय? शिंक येणार म्हणून माणूस नुसतं तोंड वर करतोय, तेवढ्यात दहा सेकंद संपत्यात ओ! आणि तेवढ्यात माझी जाहिरात कावळा नाक्यावरच्या त्या डिजिटल बोर्डावर येणार, आणि जाणार, आणि मी म्हणे खुशीत ऱ्हायचं... का? डोळ्यानं बघितल्याबिगर मी कशावर इश्वास ठेवत न्हाई! आमचा धंदाच तसला हाय की.

तुम्हाला सांगतो, उचगावात माझा मिरची कांडायचा डंक हाय. वर्षाची चटणी करायची म्हणजे बायका मिरची, धणे, खोबरं सगळं घेऊन येत्यात आणि डंकाम्होरं फतकल मारून बसत्यात, शेवटपतोर उठत न्हाईत! का? तर मालकानं आपली भारी संकेश्वरी काढून त्यात हलकी मिरची घातली तर? सख्खा दीर असला तरी त्याच्या हातावरची नजर हलवायची न्हाई. माझी सख्खी आई माझ्याच डंकाम्होरं बसून माझ्याकडं तशीच बघती, आता बोला!

झालं काय, ह्या साली गावातल्याच अमरसिंहानं माझ्याच बोळात, माझ्या दारासमोर मिरची कांडायचं नवं मशीन बसवलं. पंखे काय, बायकांना बसायला खुर्च्या काय, वर चहा! ऐन हंगामात माझ्या डंकाम्होरं मांजर येऊन झोपायला लागलं. हा हंगाम गेला म्हणजे माझं वर्ष गेलं. म्हणून ही जाहिरात. फेटा बांधलेला माझा फोटो, खाली लालभडक मिरच्यांचा ढीग आणि वर मोठ्या अक्षरात, 'तुमची मिरची, तुमच्या डोळ्यांसमोर!' बोर्डावर एकच रविवार घेतला, दिवसभर आलटून-पालटून दहा-दहा सेकंद. बोर्डवाल्यांचा ऋतुराज म्हणतोय कसा, "काका, तुम्ही निवांत डंकावर बसा, दिवसभर झळकताय." निवांत बसा? ज्याला लबाडी करायची असत्या, त्योच माणूस आधी 'निवांत बसा' म्हणतोय!

त्यात आमची क्रांती, म्हणजे बायको, माहेरी मलकापूरला गेलेली. फोनवर म्हणती, "फोटो पाठवा. दादा म्हणतोय, असली माणसं एकदा तुमचं दाखवत्यात आणि दिवसभर दुसऱ्याचंच चालवत्यात." एरवी मेव्हण्याचं बोलणं मी ह्या कानानं ऐकून त्या कानानं सोडतोय, पण हे मात्र काळजाला लागलं. घातलं डंकाला कुलूप आणि गाठला कावळा नाका.

उभारलो उन्हात, फोन वर धरून. सोन्याचं दुकान आलं, गेलं. क्लासवाला आला, पोरांच्या टक्क्यांसकट गेला. मग कोण तो विजयसिंह, भावी नगरसेवक, त्याचा वाढदिवस, खाली शुभेच्छुकांची ही जत्रा! आणि मग... परत सोनं! अरे, मग मी कुठं हाय? लावला ऋतुराजला फोन. "काका, वाढदिवसाच्या मागनंच तुमची हाय, नीट बघा की." बघतोय की! आल्यापासनं दुसरं काय करतोय? तर म्हणे तुम्ही फोन लावायला मान खाली घातली असंल, तेवढ्यात गेली. बघा म्हणजे! माझी मान खाली गेली की ह्यांची जाहिरात वर! म्हणून म्हणतोय, डोळ्यानं बघितल्याबिगर कशावर इश्वास ठेवायचा न्हाई!

मग आली ओ. फेट्यात मी, असा आभाळाएवढा! ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू, डोळ्यात पाणी आलं... आणि त्या पाण्यात फोटो काढायचाच ऱ्हायला. पुढच्या खेपेला बटण दाबतोय तर मधी बस. त्याच्या पुढच्या खेपेला गावला एकदाचा, तर फोटोत माझ्या तोंडावर आडवे काळे पट्टे, गजाआड बसल्यागत! परत ऋतुराज. "काका, स्क्रीन लुकलुकती, ते डोळ्याला दिसत न्हाई, कॅमेऱ्याला दिसतंय." म्हणजे डोळ्यालाबी फसवायला लागले व्हय? मग माणसानं बघायचं तरी कशानं?

आणि आपल्याकडं कसं असतंय, एक माणूस वर बघत उभारला की सगळा नाका वर बघायला लागतोय. "काय झालंय पावणं?" "कोण चढलंय काय वर?" "उतरवा की त्याला!" त्यात विजयसिंहाची पोरं आली हलगी वाजवत, सायबांच्या बोर्डासंगं फोटो काढायला, आणि फोन दिला कुणाच्या हातात? माझ्या! "काका, तुम्ही रिकामेच हाय की." रिकामा! काढला त्यांचा फोटो, असा आला, एक नंबर! आणि फोन परत देतोय तवर माझा फेटा आला आणि गेला... मी डोक्याला हातच लावला.

शेवटी त्यातल्याच एकाला दया आली. त्यानं व्हिडिओ काढला, त्यातनं फोटो घेतला, स्वच्छ, तोंडावर एक रेघ न्हाई. दिला क्रांतीला पाठवून. म्हणलं, घ्या, डोळ्यानं बघा आणि तुमच्या दादालाबी दाखवा! लगेच तिचा फोन. मी आपला कौतुक ऐकायला कान लावला, तर, "झळकताय ते झळकताय, पण हाय कुठं तुम्ही? शेजारच्या सरुबाईचा फोन आलता. बोर्ड बघून बायका मिरच्या घेऊन आल्यात, रिक्षा करून आल्यात, आणि डंकाला कुलूप!"

पळालो ओ! कशी गाडी मारली माझं मला ठाऊक. बोळात शिरलो तर माझ्या दारात शुकशुकाट, आणि समोर अमरसिंहाच्या सगळ्या खुर्च्या भरलेल्या, मशीन गरगरतंय, चहा फिरतोय. एक म्हातारी तेवढी माझ्या कुलपाम्होरं उभारलेली, बुट्टीभर मिरच्या घेऊन. जीवात जीव आला. म्हणलं, एक तरी गिऱ्हाईक ऱ्हायलं! खिशातनं किल्ली काढतोय, तवर बिनफेट्याच्या मला बघून तीच म्हणती, "पावणं, हितलंच काय तुम्ही? कसला हो हा डंकवाला? तिकडं नाक्यावर फेटा बांधून मिरवतोय आणि हितं कुलूप! त्याचं थोबाड बघितलं तवाच म्हणलं, लबाड हाय. सगळ्या गेल्या समोर, मी मुद्दाम थांबलीय, येऊ दे मुडद्याला, चार शब्द सुनावल्याबिगर जायाची न्हाई!"

तुम्हाला सांगतो, किल्ली तशीच मुठीत दाबली. म्हणलं, "व्हय की मावशी. कशाला उन्हात थांबताय? असल्या माणसाचा काय नेम न्हाई." आणि तिची बुट्टी उचलून मीच अमरसिंहाच्या दारात नेऊन ठेवली.